दोन नावे, दोन जुनी पुस्तके आणि एक नवी कादंबरी: लेखिका म्हणून ओळख पुन्हा कशी उभारावी?

मलप्रभाकाठ

सर्वांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. माझा पहिला कथासंग्रह 1999 मध्ये माहेरच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि दुसरा 2009 मध्ये सासरच्या नावाने. मधल्या काळात वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत जे ललित लेखन केले, ते केवळ आद्याक्षरांनी छापले गेले. पुढे घरातील दीर्घ आजारपण आणि शाळेची वाढत गेलेली जबाबदारी यांमुळे पुस्तकरूपाने माझे काहीच आले नाही. आता एक कादंबरी पूर्ण झाली आहे. बेळगावच्या वडगाव आणि शहापूर भागातील विणकर कुटुंबे, आणि त्यातही घरात बसून कांड्या (मागासाठी सूत गुंडाळायच्या नळ्या) भरणाऱ्या बायका, हा तिचा विषय आहे. माझे माहेर वडगावचे. वडिलांचे चार माग होते आणि त्यांच्या खटखटाटातच मी अभ्यास केला, त्यामुळे हे पुस्तक माझ्यासाठी केवळ पुढचे पुस्तक नाही.

कादंबरी मी एका प्रकाशन संस्थेकडे पाठवली. तेथील संपादकांनी ती मनापासून वाचली आणि स्वीकारण्याची तयारीही दाखवली. मात्र त्यांनी सांगितले, की आपले नाव इंटरनेटवर शोधले असता काहीच हाती लागत नाही, आपली आधीची पुस्तके कोठे मिळत नाहीत, तेव्हा पुस्तक येईपर्यंतच्या सात-आठ महिन्यांत आपण लेखिका म्हणून आपला ब्रँड ताजा करून घ्यावा. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण या सल्ल्याचे नेमके काय करायचे हे मला उमगलेले नाही.

माझ्या अडचणी तीन आहेत. पहिली नावाची: वाचकांसमोर मी तीन वेगवेगळ्या नावांनी गेलेली आहे आणि त्या तिन्ही व्यक्ती एकच आहेत हे कोणालाही ठाऊक नाही. दुसरी अडचण अशी, की आमच्या भागात मला लोक ओळखतात ते कथाकथन करणाऱ्या बाई म्हणून. येळ्ळूर, उचगाव, कडोली अशा गावांच्या साहित्य संमेलनांतून मी अनेक वर्षे विनोदी कथा सांगत आले आहे, आणि कादंबरीत तर हसण्यासारखे फारच थोडे आहे. तिचे मुखपृष्ठ पाहून हसण्याच्या अपेक्षेने ती विकत घेणाऱ्याची निराशा होईल, अशी मला भीती वाटते. म्हणून कादंबरीसाठी चौथेच एखादे टोपणनाव घ्यावे का, असाही विचार मनात येतो. तिसरी अडचण म्हणजे माझा उल्लेख जेथे कोठे होतो तेथे 'सीमाभागातील लेखिका' असाच होतो. त्या शब्दांचा मला अभिमान आहे, पण त्यापुढे माझ्या लेखनाविषयी एकही वाक्य नसते, याचे वाईट वाटते.

ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना मुद्रितशोधक

ताई, नमस्कार. मी तीस वर्षे बेळगावात छपाईच्या व्यवसायात काढली आणि त्यांतील बहुतेक वर्षे मुद्रितशोधनात गेली, म्हणून आपल्या प्रश्नाकडे मी त्या बाजूने पाहतो. संपादकांनी वापरलेल्या शब्दाने आपण बावरून गेल्या आहात असे दिसते. लेखकाच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ मी एवढाच घेतो, की वाचकाने आपले एक पुस्तक वाचले आणि त्याला दुसरे वाचावेसे वाटले, तर ते त्याला सापडले पाहिजे आणि ते त्याच व्यक्तीचे आहे हे कळले पाहिजे. आपल्या बाबतीत आज या दोन्ही गोष्टी होत नाहीत. त्यामुळे छायाचित्र, फेसबुकचे पान वगैरे विषय सध्या बाजूला ठेवून आधी जुन्या दोन पुस्तकांकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांचे हक्क कोणाकडे आहेत, हे पहिल्यांदा पाहावे. आपल्याकडे छोट्या प्रकाशकांशी बहुतेक व्यवहार तोंडी होत असत आणि आपलाही तसाच झाला असण्याची शक्यता मोठी आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील एकोणिसावे कलम असे सांगते, की हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीचे असल्याखेरीज ग्राह्य धरले जात नाही. लेखी करार असेल पण त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. म्हणजे कागद झाला नसेल तर हक्क आपल्याकडून कधी गेलेच नाहीत, आणि मुदतीविना कागद झाला असेल तर 1999 आणि 2009 या दोन्ही पुस्तकांची ती पाच वर्षे केव्हाच संपली आहेत. करारात वेगळी मुदत घातलेली असेल तर मात्र तो कागद एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावा. प्रकाशक हयात असतील किंवा त्यांचे वारस माहीत असतील, तर स्पीड पोस्टाने एक सौम्य पत्र पाठवून पुस्तके पुन्हा काढण्याचा मनोदय कळवावा. मुखपृष्ठावरील चित्र हा चित्रकाराचा स्वतंत्र विषय असतो, तेव्हा जुने चित्र परवानगीशिवाय वापरू नये.

त्यानंतर मजकुराचा प्रश्न येतो आणि येथेच बहुतेक लेखकांचे पाय अडखळतात. त्या काळची पुस्तके पेजमेकर या पानमांडणीच्या प्रणालीत आणि श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये जुळवलेली असत. ती फाइल आज मिळाली तरी साध्या संगणकावर उघडल्यास रोमन चिन्हांची खिचडी दिसते, कारण ती अक्षरे युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात. फाइल असेल तर रूपांतर करणारी साधने आहेत, आणि नसेल तर छापील प्रतीची पाने स्कॅन करून अक्षरओळख करून घेता येते. गूगल ड्राइव्हमध्ये मराठीसाठी ही सोय आहे. मात्र दोन्ही मार्गांनी आलेल्या मजकुरात रफार, जोडाक्षरे आणि अनुस्वार यांच्या चुका राहतातच, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून दोन वेळा वाचन झाल्याशिवाय तो मजकूर कोणालाही देऊ नये. कथेतील एखादे पात्र बोलीत बोलत असेल तेथे तर यंत्र हमखास प्रमाण शब्द घुसवते, आणि आपल्या कथांचा प्राण तेथेच आहे, असा माझा अंदाज आहे.

नव्या प्रकाशकाकडून किंवा स्वतः काढलेल्या आवृत्तीला नवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) लागेल. तो आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतः प्रकाशक म्हणूनही अर्ज करता येतो. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगळे असावे लागतात. 1999 च्या पुस्तकावर कदाचित क्रमांकच नसेल. त्या वेळी आपल्याकडील अनेक छोट्या प्रकाशनांवर तो नसे.

आता नाव. टोपणनावाचा विचार कृपया सोडून द्यावा. मराठीत एकाच लेखकाने दोन नावे चालवल्याची मोठी उदाहरणे आहेत. वि. वा. शिरवाडकरांनी कविता 'कुसुमाग्रज' या नावाने लिहिली आणि नाटके स्वतःच्या नावाने, तर चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेसाठी 'आरती प्रभू' हे नाव घेतले आणि कादंबऱ्या खानोलकर म्हणूनच लिहिल्या. परंतु तेथे कविता आणि गद्य किंवा नाटक अशी स्वच्छ विभागणी होती आणि दोन्ही नावांनी भरपूर लेखन होत राहिले, म्हणून वाचकांच्या मनात दोन्ही रुजली. आपण तिन्ही नावांनी गद्यच लिहिले आहे. चौथे नाव घेतल्यास आधीच्या पंचवीस वर्षांचे श्रेय त्या नव्या नावाला मिळणार नाही आणि त्या नव्या नावाने केलेल्या कामाचा उपयोग जुन्या पुस्तकांना होणार नाही. माहेर आणि सासर यांपैकी कोणते नाव ठेवायचे हा निर्णय सर्वस्वी आपला आहे, पण जे ठरेल ते मुखपृष्ठ, मलपृष्ठ, दिवाळी अंक, संमेलनाची निमंत्रणपत्रिका, बँकेखेरीजची सर्व पत्रे अशा प्रत्येक ठिकाणी अक्षरशः एकसारखे असावे. मधले आद्याक्षर कधी आहे आणि कधी नाही, असे होऊ नये. रोमन लिपीतील स्पेलिंगही एकच ठरवून लिहून ठेवावे, कारण आपल्याकडे 'व' साठी कोणी व्ही लिहितो आणि कोणी डब्ल्यू, आणि शोध घेणाऱ्याला मग दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात.

नावात किंवा पुस्तकाच्या शीर्षकात 'वाऱ्या'मधल्यासारखा अर्धा र असेल तर आणखी एक बारकावा सांगतो. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात आणि काही ठिकाणी एका प्रकारे शोधल्यास दुसरा सापडत नाही. कोणत्याही एका प्रकाराला चिकटून राहावे.

येळ्ळूर शिवारातून

बाई, आपण आमच्या गावच्या संमेलनात सांगितलेल्या कथा मी मंडपात मागे उभा राहून ऐकल्या आहेत, त्यामुळे आपला प्रश्न वाचून राहवले नाही. मी गेली काही वर्षे संमेलनाच्या दिवशी पुस्तकांच्या टेबलावर बसतो. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन आणि जेवणानंतर कथाकथन, असा आमच्याकडील रविवारचा क्रम आपल्याला ठाऊक आहेच. आपले सत्र संपले की टेबलापाशी येणाऱ्या बायाबापड्यांचा एकच प्रश्न असतो, "त्या बाईंचं पुस्तक हाय काय?" आणि मला दर वेळी नाही म्हणावे लागते. शहरातील संपादक म्हणतात की आपले नाव सापडत नाही, आणि येथे तर नाव विचारत आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. यातली दुसरी गोष्ट मला अधिक लागते.

कथाकथनाची ओळख गंभीर लेखनाच्या आड येईल, ही आपली भीती मला पटत नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी मिळून गावोगाव कथाकथन केले, हजारो माणसांना हसवले, आणि त्यामुळे माडगूळकरांच्या गंभीर लेखनाचे मोल कोणाच्या नजरेत तसूभरही उतरले नाही. ऐकणारा माणूस हसतो तेव्हा त्याने सांगणाऱ्यावर विश्वास टाकलेला असतो. तोच माणूस कांड्या भरणाऱ्या बाईची गोष्टही ऐकून घेईल, फक्त ती त्याला आपल्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला मिळाली पाहिजे. येत्या हंगामात आपण दोन नेहमीच्या कथा सांगाव्यात आणि तिसरी म्हणून कादंबरीतील दहा-बारा मिनिटांचा एखादा प्रसंग वाचावा, अशी माझी विनंती आहे. प्रसंग सांगण्याऐवजी कागद हातात धरून वाचावा, म्हणजे हे काहीतरी वेगळे आहे हे मंडपाला आपोआप समजेल. आमच्या भागात शेतीसोबत माग पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. ते गप्प बसून ऐकतील.

एक साधी गोष्ट आणखी. टेबलावर एक वही ठेवा. ज्यांना पुस्तक आल्याचे कळवायला हवे त्यांनी स्वतःच्या हाताने नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक लिहावा, आणि त्या क्रमांकावर पुस्तकाखेरीज दुसरे काहीही पाठवले जाणार नाही असे वहीच्या वर लिहून ठेवावे. शुभप्रभातचे संदेश पाठवून लोकांनी वैतागून नंबर अडवल्याचे मी पाहिले आहे. पाच संमेलनांतून अशी वही फिरली तर कादंबरी येईल त्या दिवशी आपल्याकडे स्वतःचे, खात्रीचे वाचक असतील, आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

टिळकवाडी ते पुणे

ताई, आपल्या तिसऱ्या अडचणीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येईना. मी बेळगावात वाढलो आणि आता पुण्यात एका नियतकालिकासाठी पुस्तकांची परीक्षणे लिहितो. 'सीमाभागातील' हे विशेषण आपल्या लेखकांच्या नावाला कसे चिकटते आणि त्याचे पुढे काय होते, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

या विशेषणामागे खरा इतिहास आहे. 1946 मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला, म्हणजे आपल्या गावात साहित्य आणि भाषेचा प्रश्न हे एकाच व्यासपीठावर बसलेले आहेत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेल्यानंतर येथे मराठीत लिहीत राहणे हीच एक भूमिका ठरली. त्यामुळे ते विशेषण झटकून टाकावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. तक्रार आहे ती ते विशेषण वाचनाची जागा घेते याबद्दल. त्या पुनर्रचनेचा नोव्हेंबर महिना जवळ आला की आपल्याकडे लेख मागितला जातो, आणि आपल्या पुस्तकाचे परीक्षण मात्र पहिल्या परिच्छेदात 'प्रतिकूल परिस्थितीत मराठी टिकवणाऱ्या' एवढे कौतुक करून संपते. असे परीक्षण मीही एके काळी लिहिले आहे आणि आज त्याची मला खंत वाटते. कौतुक केल्यावर पुस्तक वाचण्याची गरजच उरली नाही, असे ते झाले होते.

उपाय आपल्या हातात बऱ्यापैकी आहे, कारण परीक्षक, निवेदक आणि बातमीदार हे तिघेही बहुतेक वेळा लेखकाने दिलेला परिचयच उचलतात. त्या परिचयाच्या पहिल्या वाक्यात काय आहे यावर पुढील सर्व अवलंबून असते. आपण जर 'सीमाभागातील ज्येष्ठ लेखिका' असे लिहून दिले, तर तेच छापून येईल. त्याऐवजी वडगावचे माग, कांड्या, धोटा, दिवसभर सुताचा कचरा उडणारी खोली आणि त्या खोलीत बसणारी बाई, असे लिहिले तर परीक्षकाला त्याबद्दल बोलावेच लागेल. बेळगाव त्यात आपोआप येते, आणि विशेषण म्हणून येण्याऐवजी गाव म्हणून येते. विणकरांवर मराठीत लेखन झाले आहे, पण आपल्या शहराच्या या भागातील घरांत मराठी आणि कानडी कशा एकमेकींत मिसळून बोलल्या जातात, एकाच गल्लीत दोन भाषांची सुखदुःखे कशी शेजारी नांदतात, हे आतून सांगणारे पुस्तक माझ्या तरी वाचनात आलेले नाही. हे आपले वेगळेपण आहे आणि ते कोणाच्या जाहिरातकौशल्याने तयार झालेले नाही.

यालाच जोडून सुचवतो, की कादंबरीच्या कानडी अनुवादाची शक्यता आतापासून मनात ठेवावी आणि अनुवादाचे हक्क प्रकाशकाला सरसकट देऊन टाकू नयेत. या विषयाचे वाचक मागाच्या दोन्ही बाजूंना आहेत.

जांबोटी

काकू, मी खानापूर तालुक्यातलीच आहे आणि संकेतस्थळे तयार करण्याचे काम करते, म्हणून तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. आपल्याला सर्व माध्यमांवर हजर राहण्याची आवश्यकता नाही. स्वतःच्या नावाचा एक डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) घेऊन एकच साधे पान करावे. त्यावर ठरवलेले नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत असावे, आणि त्याखाली 'याआधीचे लेखन अमुक आणि अमुक या नावांनी प्रसिद्ध' असे एक वाक्य असावे. तिन्ही व्यक्ती एकच आहेत हे जगाला सांगण्याचे काम हे एक वाक्य करते. त्याखेरीज पुस्तकांची यादी, प्रत्येकाचे मुखपृष्ठ, मिळण्याचे ठिकाण, एक संपूर्ण कथा वाचण्यासाठी खुली आणि संपर्काचा ईमेल एवढे पुरेसे आहे. मजकूर चित्राच्या रूपात टाकू नये, कारण चित्रातील मराठी शोधयंत्राला नीट वाचता येईलच असे नाही. डोमेनचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि ते आपल्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेले असावे. भाच्याच्या किंवा विद्यार्थ्याच्या खात्यावर नोंदवलेली पाने तो परगावी गेल्यावर बंद पडलेली मी पाहिली आहेत. विकिपीडियावर स्वतःविषयी स्वतः लेख लिहू नये, तो तेथील संकेताला धरून नाही आणि बहुधा काढून टाकला जातो.

दोन्ही संग्रहांचे हक्क मोकळे असतील, तर ते ई-पुस्तक म्हणून काढणे आता अवघड राहिलेले नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके 2016 पासून येत आहेत. पण मला खरे सांगायचे आहे ते आवाजाबद्दल. आपण कथा सांगता, आणि आजची माझ्या वयाची कितीतरी मराठी माणसे इंग्रजी किंवा कानडी माध्यमात शिकल्यामुळे मराठी वाचताना अडखळतात, पण ऐकताना मुळीच अडखळत नाहीत. माझी धाकटी बहीण अशीच आहे. तिने आपली कथा वाचली नसती, पण माझ्या मोबाइलवर ऐकलेली कथा तिने तीन वेळा लावायला सांगितली. स्टोरीटेल हे पुस्तके ऐकवणारे अ‍ॅप 2017 मध्ये भारतात आले तेव्हापासून मराठी श्राव्य पुस्तकांना चांगला श्रोतृवर्ग मिळाला आहे. प्रकाशकाशी करार करताना श्राव्य हक्क वेगळे ठेवावेत आणि शक्य असेल तर वाचन स्वतः करण्याची अट घालावी. आपली सर्वांत जुनी ओळख आवाजाची आहे, तर ती नव्या पुस्तकापासून तोडू नये.

मलप्रभाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री कपाटातील कागद काढून पाहिले. 1999 च्या पुस्तकाचा कोणताही करार झालेला नाही. 2009 चा एक पानी कागद सापडला, त्यावर प्रतींची संख्या आणि मानधनाऐवजी द्यावयाच्या पन्नास प्रती यांचा उल्लेख आहे, मुदतीचा नाही. त्या पन्नासपैकी सतरा प्रती माळ्यावर निघाल्या, कडा पिवळ्या पडल्या आहेत पण वाचता येतात. त्या येत्या संमेलनांत टेबलावर ठेवीन, म्हणजे येळ्ळूरच्या भाऊंना दर वेळी नाही म्हणावे लागणार नाही.

नावाचा निर्णयही झाला. मी सासरचे नाव ठेवत आहे, कारण कथाकथन त्याच नावाने ओळखले जाते, परंतु पहिल्या संग्रहाच्या नव्या आवृत्तीत आतील पानावर माहेरचे नावही येईल. ते पुस्तक वडिलांनी दोन मागांच्या मजुरीतून पैसे बाजूला काढून छापले होते. त्यांचे नाव त्यावरून पुसले जावे असे मला वाटत नाही.

परिचय लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, तो येथे देते. कृपया निःसंकोचपणे दुरुस्त करावा.

"सीमाभागातील सुप्रसिद्ध कथालेखिका, कथाकथनकार, आदर्श शिक्षिका व संवेदनशील कवयित्री. अनेक साहित्य संमेलनांत सहभाग. दोन कथासंग्रह प्रकाशित. विविध वृत्तपत्रे व दिवाळी अंकांतून सातत्याने लेखन. विविध पुरस्कारांनी सन्मानित. विणकरांच्या जीवनावरील कादंबरी प्रकाशनाच्या वाटेवर."

टिळकवाडी ते पुणे

ताई, हा परिचय कोणत्याही लेखिकेचा होऊ शकतो, आणि नेमकी तीच त्याची उणीव आहे. 'सुप्रसिद्ध', 'आदर्श', 'संवेदनशील' हे शब्द दुसऱ्याने आपल्याविषयी वापरायचे असतात. 'विविध' आणि 'अनेक' यांतून वाचकाला काहीच दिसत नाही. आपण आपल्या पहिल्या पत्रात आणि आताच्या उत्तरात नकळत जी वाक्ये लिहिली आहेत, ती यापेक्षा कितीतरी सरस आहेत. त्यांतूनच हे जुळवले आहे, पाहावे.

"वडगाव, बेळगाव येथील विणकर कुटुंबात जन्म. घरातील चार मागांच्या आवाजात बालपण आणि शिक्षण. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत अध्यापन. 1999 आणि 2009 मध्ये दोन कथासंग्रह प्रसिद्ध, त्यांतील पहिला माहेरच्या नावाने. बेळगाव परिसरातील गावोगावच्या साहित्य संमेलनांत कथाकथन. घरात बसून मागांसाठी कांड्या भरणाऱ्या स्त्रियांवरील ही पहिली कादंबरी."

मानधन, पुरस्कार, पदे यांपैकी काहीही यात नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. एखादा पुरस्कार खरोखर महत्त्वाचा असेल तर त्याचे नाव आणि वर्ष लिहावे, नाहीतर वगळावे. हाच मजकूर मलपृष्ठावर, संकेतस्थळावर आणि संमेलनाच्या संयोजकांकडे जावा. सूत्रसंचालकांना तर छापून हातात द्यावा, म्हणजे ते व्यासपीठावर स्वतःची विशेषणे जोडणार नाहीत.

मलप्रभाकाठ

वाचून डोळे भरून आले. "ही पहिली कादंबरी" हे शब्द छापील अक्षरांत पाहण्याची मला सवय नाही. परिचय असाच ठेवते. एकच शंका आहे, कथाकथन पहिल्या वाक्यात यावे का? लोक मला त्यावरूनच ओळखतात.

येळ्ळूर शिवारातून

बाई, आमच्याकडील निमंत्रणपत्रिकेसाठी ते वाक्य वर घ्यावे, पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी जेथे आहे तेथेच राहू द्यावे. शब्द मात्र दोन्हीकडे तेच असावेत. आपल्या सतरा प्रतींपैकी एक माझ्यासाठी बाजूला ठेवावी, पैसे टेबलावर देईन.

जुना मुद्रितशोधक

परिचय उत्तम जमला आहे. एक दुरुस्ती सुचवतो: 'बालपण आणि शिक्षण' मधील 'शिक्षण' शाळेत झाले असणार, मागांच्या आवाजात झाला तो अभ्यास. आपण स्वतःच पहिल्या पत्रात 'अभ्यास' असे लिहिले होते आणि तोच शब्द बरोबर आहे.

1999 च्या संग्रहाची पाने स्कॅन करून झाली की मला पाठवावीत. पहिले वाचन मी करतो. दुसरे आपण स्वतः, मोठ्याने वाचत करावे, म्हणजे बोलीतील संवाद यंत्राने कोठे बदलले आहेत ते कानाला लगेच कळेल. शक्य झाल्यास प्रत्येक पान तीनशे डीपीआयला (दर इंचाला तीनशे ठिपके) आणि सरळ ठेवून स्कॅन करावे. पुस्तकाची शिवण उसवावी लागली तरी चालेल, पण त्यासाठी चांगल्या दोन प्रती शिल्लक असल्याची आधी खात्री करून घ्यावी.